मामा दवाखान्यातच असतात

उभ्या चेन्नईत माझ्या मामेसासऱ्यांइतका डोक्यात जाणारा दंतवैद्य शोधून सापडायचा नाही. मूळचं तंजावरचं मराठी घराणं, टी. नगरात साड्यांच्या दुकानावर दवाखाना, आणि हाताखाली वसंती नावाची रीतसर शिकलेली हायजिनिस्ट. तिने दातांवरचं किटण काढायचं, इंजेक्शन देणं आणि दात उपटणं डॉक्टरांचं, आणि ती काम करत असताना डॉक्टर जागेवर हवेत, असा नियम. बाकीचे डॉक्टर तो सोयीने वाकवतात. मामा मात्र सख्ख्या भाचीच्या लग्नालाही हलले नाहीत. मंडप समोरच, नादस्वरम खिडकीतून ऐकू येत होतं. बोलवायला गेले तर माझ्यावरच खेकसले, "तिचा हात पेशंटच्या तोंडात आहे आणि मी पायसम खायला येऊ?" शेजारच्या गल्लीतला एक डॉक्टर हायजिनिस्टकडून इंजेक्शनं देववतो हे कळलं, तेव्हा भर रस्त्यात त्याची कॉलर धरली होती मामांनी.

गेल्या वर्षी माझी दाढ ठणकायला लागली. मी नोकरी करते त्या शहराबाहेरच्या ओरगडमच्या कारखान्यातून गाल धरून कशीबशी मामांकडे पोहोचले. मामांनी इंजेक्शन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सुई थरथरत होती.

"वसंतीला देऊ द्या ना, मामा," मी कळवळून म्हटलं.

"नक्को मा. तिला अधिकार नाही."

"मग तुम्ही द्या."

"माझा हात राहिला नाही आता."

आणि मला ऑटोत घालून अड्यारच्या डॉक्टरांकडे धाडलं. वाटभर मी त्यांच्या नावाने बोटं मोडली.

त्या दिवसापासून त्यांनी दात काढणं सोडलं. दवाखाना बंद करून आराम करा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मामा भडकले. वसंतीला मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आहे, पण तिथे सगळंच तिच्याकडून करून घेतील, आणि उद्या कुणाला काही झालं तर डॉक्टर नामानिराळा राहून ती अडकेल, म्हणाले. म्हणून हा म्हातारा रोज जिना चढतो, नुसतं जागेवर असायला. मला त्याचाही संताप येतो.

परवा दात साफ करायला गेले. मामा वसंतीच्या पाठीमागे उभे, दोन्ही हात खिशात, "मागचे राहिले, हळू, हळू" म्हणून करवादत होते. खिशाचं कापड हलत होतं. वसंती वर न बघता म्हणाली, "डॉक्टर, बसा तुम्ही. इथे आहात ना, तेवढं पुरे." मामा मुकाट्याने बसले.

राग माझा गेलेला नाही. पण हल्ली दात दुखत नसला तरी मी तिथे जाते.