ओळखा म्हणाले, मी नाही ओळखलं

पनवेलकर मंडळी, गेल्या महिन्यात वडाळे तलावाजवळ एका बाइकवाल्याने माझं मंगळसूत्र खेचून नेलं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आज दुपारी पोलीस स्टेशनमधून फोन आला, "आरोपी सापडलाय, ओळखायला या."

नवऱ्याला घेऊन गेले. कोपऱ्यात जमिनीवर एक बारीकसा माणूस बसला होता. गाल सुजलेला.

"हाच ना, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"अहो, बाइकवाल्याने हेल्मेट घातलं होतं. मी चेहरा पाहिलाच नाही."

"त्याने कबूल केलंय."

"मग मी कशाला लागते?"

साहेब चिडले नाहीत. डोळे चोळत म्हणाले, "आमच्यासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. माल मिळालेला नाही. तुम्ही हो म्हणालात तर केस उभी राहील, नाहीतर हा सुटणार."

मी त्या माणसाकडे पाहत खूप आठवायचा प्रयत्न केला. काळ्या हेल्मेटपलीकडे काहीच आठवेना.

"नाही सांगता येणार, साहेब," म्हटलं आणि बाहेर पडले.

रिक्षात नवरा म्हणाला, "हो म्हणून टाकायचं होतंस. पोलीस उगाच कुणाला धरतात का?"

तो माणूस खरंच चोर असेल, तर उद्या आणखी कुणाचा तरी गळा ओरबाडेल. आणि नसेल तर?

घरी येऊन नुसती पडून आहे, स्वयंपाकालाही उठवत नाही. खरं बोलूनही इतकं अपराधी का वाटतंय? तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली होती का? तुम्ही काय सांगितलंत?