झेंडूच्या माळेखालची फायरवॉल

खंडेनवमीला आमच्या रहिमतपूरच्या घरी कोयता, खुरपं, पान्हा सगळं पूजेत मांडतात. एकदा मांडलं, की दुसऱ्या दिवशी सोनं वाटेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. हा नेम मी कधी मोडू दिला नाही. एका वर्षी थोरल्या पोरानं मोटर बिघडली म्हणून पूजेतला पान्हा उचलला, तर दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

गेल्या खंडेनवमीला पूजा उरकते तोवर बायकोच्या छातीत कळ आली. तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं हृदयाच्या शिरांचं चित्रण केलं. ते बघून पुढं काय करायचं हे पुण्याचे मोठे डॉक्टर सांगणार होते. पण चित्रण पुण्याला जाईना. नेट यायचं अन् जायचं.

"मोबाइलवरनं धाडा की!" मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो.

"एवढं मोठं चित्रण मधेच अडकतंय हो बाबा."

मी तडक कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. तिथला टकला माणूस घामाघूम होऊन एका डब्याकडं बघत उभा होता. डब्याला हळदीकुंकू, वर झेंडूची माळ.

"ही फायरवॉल, आजोबा. बाहेरनं येतंय ते तपासून आत सोडती. राखणदारच म्हणा."

"मग चोर शिरला व्हय आत?"

"न्हाई. बाहेरनं कोणतरी मुद्दाम वेडीवाकडी माहिती धाडतंय. ही वाचाय गेली की बंद पडती. आपली आपण उठती, परत पडती."

"नेलं काय त्यानं?"

"काय बी न्हाई. नुसतं दार बंद पाडायचं."

काही न्यायचं नाही, आमचं त्याचं वैर नाही, तो बसलाय कुठं तेही ठाऊक नाही, आणि माझी बायको इथं खाटेवर अडकलीय! असला कसला राखणदार, अंगाला कुणी हात न लावताच आडवा होणारा?

"इलाज न्हाई यावर?"

"हाय की. कंपनीनं दुरुस्ती धाडलीया, माझ्या लॅपटॉपवर तयार हाय. सकाळीच टाकणार हुतो, तर पूजा झालेली. मॅनेजरसाहेब म्हणाले, पूजेतल्या यंत्राला आज हात लावायचा न्हाई."

मॅनेजर दारातच उभे होते. माझ्याच वयाचे, कपाळाला गंध.

"नेम म्हंजे नेम, पाव्हणं. हुईल चालू आता आपोआप."

हे तर माझ्याच तोंडचं बोलणं. थोरल्याला मी अगदी असंच सुनावलं होतं, असंच दारात उभं राहून.

पुढं झालो आणि माळ ओढून काढली.

"आवं, आवं, काय करताय!"

"पाप लागलं तर मला लागू दे. टाक रं गड्या."

त्यानं बाहेरची तार उपसली, दुरुस्ती चढवली, यंत्र बंद करून चालू केलं, तार परत जोडली. हिरवा दिवा लागला. आम्ही तिघं त्याच्याकडं टक लावून बसलो. तो विझला नाही. चित्रण गेलं. शीर आत्ताच मोकळी करा, असा पुण्याचा निरोप आला.

शीर मोकळी झाल्यावर संध्याकाळी मला तिच्याजवळ सोडलं. तिचा हात धरायला मूठ उघडली, तर तिच्या चादरीवर झेंडू सांडला. माळ तशीच मुठीत राहिली होती.

"आवं, फुलं आणली व्हय मला? जन्मात पयल्यांदा!"

मी नुसता हुंकार भरला. घरची पूजा तीच मांडते. ही फुलं कुठनं काढली ते कळलं असतं, तर तिथंच उठून बसली असती माझ्याशी भांडायला.