एकादशीचे तांदूळ

देवीची नथ हरवली तेव्हा मी पहिल्या बाळंतपणाला सोलापुरात माहेरी आले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं देऊळ. माझी विधवा मावशी तिथं सोवळ्यात नैवेद्य रांधायची. त्याबदली देवळामागची खोली आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. दुसरा थारा नव्हता तिला. आलवण नेसणारी बाई नथ घेऊन काय करणार होती, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही.

पंचांनी वळसंगहून देवऋषी आणवला. "मंतरल्यालं तांदूळ चावायचं. चोराच्या तोंडाला पानी सुटत न्हाय, त्याचं तांदूळ कोरडंच ऱ्हातंय," तो म्हणाला. देवळात वावरणाऱ्या एकेकानं तांदूळ चावून थुंकले. मावशीची पाळी आली, तसा तिनं हात मागं घेतला.

"आज एकादशी आहे हो. उद्या पारणं फिटलं की मूठभर चावते."

झालं! "भ्याली बघा!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच. देवीच्या कामाला उपास मोडत नाही म्हणे! एकादशी अन् दुप्पट खाशी, अशी ही माणसं. पोटात खिचडी, रताळी कोंबून उभी होती आणि निर्जळी करणाऱ्या बाईला चोरटी म्हणत होती. "अहो, उद्यापर्यंत थांबा की!" मी ओरडले. माझे वडील शाळामास्तर. वाटलं, ते तरी बोलतील. त्यांनी माझाच दंड धरला. "अवघडलेली आहेस, गप्प बस."

मावशीचं गाठोडं रस्त्यावर फेकलं. वडील तिला आमच्या घरात घेईनात. बार्शीला लांबचा दीर होता, त्याच्या दारात ती फुकटची मोलकरीण होऊन पडली.

पुढं निर्माल्य उपसताना वाळक्या हारात अडकलेली नथ निघाली. चोर नव्हताच, तरी संन्याशाला सुळी देऊन मोकळे झाले होते. लाज वाटली असेल? छे! देवी पावली म्हणून पेढे वाटले मेल्यांनी!

वडील माझ्यासाठी पेढा घेऊन आले.

"मावशीला कधी आणायचं?" मी विचारलं.

"खोली दुसऱ्या बाईला दिली. आणि पंच म्हणतात ते अगदीच खोटं नाही. नथ सापडली, पण तांदळाला ती भ्यालीच ना?"

पोरांनी खरं बोलावं म्हणून रोज छडी उगारणारा माणूस हे म्हणत होता. मावशी बार्शीलाच मेली, आणि तिथंही तिला भांडी मोजून घासायला देत.