कानामागचे डाग

डॉक्टरांनी माझ्या मनीषाचा कान हळूच पुढे वाकवला, मागचे तपकिरी डाग पाहिले आणि विचारलं, "हिला नुकताच गोवर येऊन गेला का?"

हॉस्पिटलातला तो चौथा दिवस. पहिल्या दिवशीही त्यांनी अंगावर पुरळ आलं होतं का, असं विचारलं होतं. मी नाही म्हणाले होते. आता हो म्हणाले.

ते रागावले नाहीत. "व्हायरल न्यूमोनिया," म्हणाले. म्हणजे विषाणूमुळे फुप्फुसांना आलेली सूज. गोवरच छातीत उतरला होता.

नेरूळच्या आमच्या जुन्या गावात गोवर आला की 'बाया आल्या', म्हणजे देवी घरी आल्या, असं म्हणतात. बाया घरात असेपर्यंत डॉक्टर नाही, सुई नाही. उशाला कडुलिंबाचा पाला ठेवायचा आणि पाहुण्यांसारखी सरबराई करायची. मनीषा चार वर्षांची. पुरळ मावळलं, सासूबाईंनी नैवेद्य दाखवून बायांची बोळवण केली, आणि पोरीला धाप लागली. वाशीच्या या हॉस्पिटलात निघताना त्यांनी मला बजावलं, "डाक्टरसमोर बायांचं नाव काढू नको गो. कोपतील." मी बालवाडीत शिकवणारी बाई, तरी भ्याले.

पहिल्या तीन दिवसांत एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसले. मग 'थ्रोट स्वॅब' झाला, म्हणजे घशात कापसाची काडी फिरवून ती तपासायला पाठवली. जिन्याजवळच्या बाकावर बसून मी रिपोर्टची वाट पाहिली. त्यातून काहीच ठरेना. दुसऱ्यांदा घेतला, तेच. जिवाणूंवरचं पेनिसिलिन चालू होतं आणि ताप हटत नव्हता.

"या तपासणीत विषाणू सापडत नाही," चौथ्या दिवशी माझा होकार ऐकून डॉक्टर म्हणाले. "अशा वेळी आईनं सांगितलेलंच कामी येतं."

सहाव्या दिवशी दुपारी मनीषा गेली.

लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलंच. "या विषाणूवर औषध नाही. ऑक्सिजन लवकर मिळाला असता. वाचलीच असती, असं म्हणत नाही," ते म्हणाले. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर लाजू नका, भिऊ नका, सगळं सांगा.

दोन वर्षांनी माझ्या धाकट्या लेकीला ताप भरला आणि अंगावर लाल पुरळ उठलं. सासूबाईंनी तिला उचललं, पायात चपला सरकवल्या आणि माझ्यापुढे चालू लागल्या. त्याच डॉक्टरांसमोर बसल्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच बोलल्या, "बाया आल्यान हिला. मोठीला पन आलेल्या. तवा मीच सांगू दिला नाय."