परभणीचा खोका

मनस्वीला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीसाठी प्रवेश मिळाला, तेव्हा गव्हाण गावातल्या घरात पेढे वाटायच्या आधी एक प्रश्न फिरला. परभणी आहे तरी कुठे? कमळाकरने मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला. वेणूने तो बोटांनी मागेपुढे सरकवून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "येवढ्या लांब? आनि वाटेत आपला एक पन मानूस नाय?"

वेणूचे सगळे नातलग सकाळी निघून, त्यांच्याकडे जेवून, दिवेलागणीला घरी परतता येईल अशा अंतरावर राहणारे. माहेर उरणच्या रस्त्याला, नणंद पनवेलच्या बाजारात, भाऊ नवीन पनवेलच्या सेक्टरात. कमळाकर कामाला होता त्या कंटेनर यार्डातल्या लोकांबरोबर एकदा शिर्डी आणि एकदा महाबळेश्वर, एवढाच तिचा प्रवास. उन्हाळाभर ती जावेबरोबर, शकूबरोबर, आगरी मसाला करून विकायची. आवाज असा की अंगणात बोलली तर तळ्यापर्यंत ऐकू जावं, आणि हात असा की दोघांचा भात टाकायला सांगितलं तर पाचजण जेवून उठावेत.

कमळाकर मनस्वीला हॉस्टेलवर सोडून आला आणि हा हात रिकामा पडला. मग वेणूने मिक्सरचा जुना खोका माळ्यावरून काढला, पुसला आणि भरायला घेतला. तांदळाच्या भाकऱ्या, कापण्या, बेसनाचे लाडू. कळंबोलीला संध्याकाळी परभणीच्या खासगी बसगाड्या लागतात आणि ड्रायव्हर पार्सल नेतात, ही माहिती कमळाकरने काढली होती. दोघं स्कूटरवर निघाले, खोका कमळाकरच्या पायांत.

दुसऱ्या दिवशी मनस्वीचा फोन आला तो हसतच. "आई, भाकऱ्यांचं काय केलंस गं? आपटली तरी मोडत नाहीये. कीर्तीने तिच्या पेनस्टँडखाली ठेवलीये एक."

कीर्ती म्हणजे तिची खोलीतली मैत्रीण, चंद्रपूरची. वेणूलाही हसू आलं. "बरं, भाकरी नाय पाठवत. दुसरं काय पायजे ते सांग."

मनस्वीने आवाज बारीक केला. "सुकट."

आता लेकीने सुकट मागितल्यावर वेणू थांबते होय? तिने चांगली निवडलेली सुकट कांदा-मसाल्यात परतली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, वर पेपर गुंडाळला आणि पाठवून दिली. सकाळी फोन वाजला. पलीकडे बसचा ड्रायव्हर उदयसिंह होता. जालन्याकडचा, एरवी गोड बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला.

"मावशी, खोक्यात काही मेलंय का?"

"मेलेलंच हाय! सुकट हाय ती."

"अहो, एसी गाडी आहे माझी. खिडक्या उघडत नाहीत. रात्रभर लोक एकमेकांच्या बुटांकडं बघत होते. पुढच्या वेळी मासळी असली तर खोका घेणार नाही, आधीच सांगतो."

वेणूने फोन ठेवला आणि सरळ पनवेलची रिक्षा पकडली. बाजारात भांड्यांच्या दुकानात ती तासभर झाकणं उघडत आणि लावत बसली. दुकानदार कंटाळला, पण शेवटी तिला हवा तसा, क्लिपा असलेला स्टीलचा जाड डबा मिळाला. घरी येऊन तिने त्यात सुकट भरली, झाकण दाबलं, झाकणाच्या कडेने कणकेची वळी करून लिंपली आणि डबा बाहेरच्या खोलीत ठेवला. मग शकूला हाक मारली.

"शकू, ये जरा. कसला वास येतोय सांग."

शकूने खोलीभर फिरून नाक वर केलं. "अगरबत्तीचा. का गो? कोन येनार हाय काय?"

कळंबोलीला वेणूने तोच डबा उदयसिंहच्या नाकाखाली धरला. तो दचकून मागे सरला, मग सावधपणे हुंगला, परत हुंगला.

"काहीच येत नाही."

"मंग घ्या."

"घेतो," तो म्हणाला. "पण मावशी, मराठवाड्यात एवढ्या बंदोबस्तात सोनंसुद्धा नेत नाहीत."

तेव्हापासून परभणीचा खोका दर महिन्याला सुरळीत जाऊ लागला. गव्हाणात त्याचं नावच तसं पडलं. "परभणीचा खोका कवा जातोय?" असं विचारत कोणी घरचे पोहे आणून द्यायचं, कोणी आंबोशी. मनस्वी ही आळीतून एवढ्या लांब शिकायला गेलेली पहिलीच मुलगी, तेव्हा तिच्या खोक्यात आपलं काहीतरी असावं असं सगळ्यांनाच वाटे.

यंदा गणपतीला मनस्वी आली नाही. परीक्षा होती. आरतीच्या वेळी कमळाकरने व्हिडिओ कॉल लावला, पण "सुखकर्ता"च्या पहिल्या ओळीलाच नेटवर्क गेलं आणि पडद्यावर लेकीचा अर्धवट मिटलेला डोळा तेवढा अडकून राहिला. वेणू आरतीभर त्या डोळ्याकडे बघत टाळ्या वाजवत होती. विसर्जन झालं, पाट उचलला, आणि तिने ठरवलं की या वेळचा खोका असा भरायचा की पोरीचे गणपती तिकडे परत साजरे व्हावेत.

दोन दिवस घरात कढई उतरली नाही. तळणीच्या करंज्या, तांदळाचे वडे, खोबऱ्याच्या वड्या, चिवडा, सुकट आणि वर सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, चटणी. शकूने लाडू दिले. मिक्सरचा खोका पुरेना म्हणून टीव्हीचा आणला. कमळाकरने तो उचलून पाहिला आणि म्हणाला, "येवढं वजन तर आमच्या यार्डात क्रेननं उचलतात."

खोका गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू चहा घेऊन फोनपाशीच बसली. मनस्वीचा फोन आला खरा, पण विचारायला. "आई, गाडी आली नाही अजून. ड्रायव्हर काका फोन उचलत नाहीत."

मग काही वेळाने उदयसिंहचाच आला. मागे माणसांचा कलकलाट, एका लहान मुलाचं रडणं.

"मावशी, गेवराईच्या पुढं अडकलोय. रात्री फार पाऊस झाला. पुढच्या पुलावरून पाणी चाललंय आणि मागचाही रस्ता बुडाला. माणसं बरी आहेत सगळी, काळजी करू नका. पण गाव लांब आहे. एक टपरी होती, तिथली बिस्किटं पहाटेच संपली. लेकरं भुकेली आहेत. एक बाबा आहेत, त्यांना शुगर आहे, हातपाय कापायला लागलेत." तो थांबला. "मावशी, तुमचा खोका..."

वेणूने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिच्या डोळ्यांसमोर करंज्या आल्या. मनस्वीला सारण जास्त लागतं म्हणून त्या फुगीर केल्या होत्या, कडा हाताने मुरडल्या होत्या. दर महिन्याच्या खोक्याची गोष्ट वेगळी, हा गणपतीचा होता.

"लेकरं किती हायत?" तिने विचारलं.

"चार. एक तर अंगावरचं आहे, त्याच्या आईच्या पोटातही काही नाही."

"उघडा," वेणू म्हणाली. "कात्री हाय का? नायतर चावीनं फाडा चिकटपट्टी. आनि व्हिडिओ लावा. तुमाला काय कुठं हाय ते कळनार नाय."

व्हिडिओ लागला. बसच्या मधल्या वाटेत खोका, भोवती ओणवी झालेली माणसं, आणि कोणाच्या तरी हातातल्या फोनमधून गव्हाणच्या स्वयंपाकघरातून सुटणारे हुकूम.

"वरची पिशवी चिवड्याची. ती आधी लेकरांना नको, तिखट हाय. खोबऱ्याच्या वड्या द्या त्यांना. त्या बाबांना आधी अर्धी वडी नि मंग वडा द्या, पोटाला आधार पायजे. अंगावर पाजते ती बाई कुठं हाय? तिला शकूचे लाडू. दोन द्या, लाजू नको म्हनावं. आनि ते क्लिपांचे डबे बाजूला ठेवा. मासळी हाय. जे खात नायत त्यांचं खाऊन व्हायच्या आधी कोनी ते उघडू नका!"

मागच्या सीटवरून एका तगड्या पोराचा आवाज आला. "मावशी, आम्ही खातो की मासळी. वडे नुसतेच जात नाहीत."

"मंग थांब. चाकूनं कनीक खरवड, मंग क्लिप काढ. आनि मागं जाऊन खा!"

कणीक निघाली, झाकण उघडलं, आणि एसी गाडीत सुकटीचा घमघमाट सुटला. उदयसिंहने कपाळावर हात मारला, पण या वेळी कोणी कोणाच्या बुटांकडे पाहिलं नाही. शकू धावत आली होती, ती वेणूच्या खांद्यावरून बघत होती. "बग बग, त्या लाल साडीवालीनं तिसरी करंजी घेतली," ती कुजबुजली.

"घेऊदे," वेणू म्हणाली. शुगरचे बाबा आता ताठ बसले होते आणि फोनकडे बघून दोन्ही हात जोडत होते. वेणूनेही इकडे हात जोडले. मग एकदम तिला आठवलं आणि ती ओरडली, "उदयसिंह! सोड्यांचा डबा पोरीचा हाय. त्याला कोनी शिवायचं नाय!"

दुपारनंतर पाणी उतरलं. गाडी परभणीला पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मनस्वी कीर्तीला घेऊन स्टँडवर थांबली होती. टीव्हीचा खोका हातात आला तो हलका. आत रिकामे डबे, सोड्यांचा एक भरलेला, आणि कोणीतरी ठेवलेले चार पेरू. उदयसिंहने सगळं सांगितलं. तिने ऐकलं, मान डोलावली, आणि हॉस्टेलवर येऊन आईला फोन लावताच रडायला लागली.

"आई, मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मेसला कोणी गेलं नाही. मला कळतंय गं, लहान मुलं होती. पण मला एक तरी करंजी..."

वेणूने तिला रडू दिलं. आत्तापर्यंत आळीभर ती हीच गोष्ट रंगवून सांगत होती. "तुला आधी फोन करायला पायजे होता बाय," ती म्हणाली. "सुचलाच नाय."

"मी पण उघडाच म्हटलं असतं," मनस्वी नाक ओढत म्हणाली. "तरी रडणार होते."

कमळाकर दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने फक्त विचारलं, "परत करायच्या का करंज्या?"

"करायच्या," वेणू म्हणाली. "पन आता खोका एकटा नाय जानार."

चार दिवसांनी उदयसिंहच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर वेणू बसली होती. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, पायांत खोका. कळंबोलीच्या पुढे गेल्यावर तिने उदयसिंहला विचारायला सुरुवात केली, हा कोणता घाट, तो कोणता फाटा, आणि त्याने रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी सगळी माहिती दिली. ती कधी झोपली ते तिलाही कळलं नाही.

सकाळी हॉस्टेलच्या दारात कीर्ती भेटली. "काकू! मनस्वी दवाखान्यात आहे, पहाटेच बोलावलं तिला. चला, मी नेते."

जनावरांच्या दवाखान्यामागे शेडमध्ये एक म्हैस आडवी झाली होती. बाजूला तिचा मालक डोक्याला हात लावून बसलेला. आणि म्हशीमागे गमबूट घालून, अंगभर रबरी एप्रन, कोपराच्याही वरपर्यंत हातमोजा चढवून मनस्वी गुडघ्यांवर होती. शेजारी तिच्या मॅडम उभ्या राहून सांगत होत्या, ती ऐकत होती.

"मनू!" वेणूच्या तोंडून निघालंच.

मनस्वीने मान वळवली. आई दिसली तेव्हा क्षणभर तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. मग ती म्हणाली, "आई, मागे हो. आणि ओरडू नकोस, घाबरते ती."

वेणू मागे झाली. जन्मात कोणी तिला आवाज कमी कर म्हणून सांगितलं आणि तिने ऐकलं, असं पहिल्यांदाच घडलं. घरात झुरळ दिसलं तर पलंगावर चढणारी ही मुलगी, आणि आता मॅडम "हळू, आता ओढ" म्हणाल्या की दात आवळून ओढत होती. काळंभोर, ओलं रेडकू गवतावर घसरलं. हललं नाही. मनस्वीने त्याच्या नाकातोंडातलं पुसून काढलं, गवताच्या बोळ्याने ते खसाखसा चोळलं. मग ते शिंकलं आणि मालक उठून उभाच राहिला.

मनस्वी हात धुऊन आली, पण हातमोजा फाटला होता आणि दंडापर्यंत घाण होती. पुन्हा धुवायला निघालेल्या लेकीला वेणूने थांबवलं, शेडबाहेरच्या कट्ट्यावर बसवलं, खोका फाडला आणि करंजी तिच्या तोंडात घातली.

"सारण जास्त आहे," मनस्वी तोंड भरून म्हणाली.

"तुलाच आवडतं."

दुसरी करंजी कीर्तीला मिळाली, तिसरी मॅडमना, चौथी म्हशीच्या मालकाला. मनस्वी हे बघत होती. "आई, या वेळी मोजून वाट हां," ती म्हणाली, पण हसत.

दुपारी हॉस्टेलच्या व्हरांड्यात सगळ्या मुली गोल करून बसल्या. वेणू मधे बसून वाढत होती तेव्हा कमळाकरचा फोन आला.

"आजच्या गाडीनं निघतेस ना?"

"नाय जमनार," वेणू म्हणाली. "इथं पाहुन्यांची खोली हाय, मॅडमनी सांगितलं. परवा येते."

"दोन दिवस काय करनार तिकडं?"

"रेडकाला बगायला जायाचं हाय संध्याकाळी," वेणू म्हणाली, आणि वाढायला वाकली. "तू भात टाकून जेव. शकू कालवन देल."