मोकळी करून दिलेली खोली

त्याला सगळे गुण्या म्हणायचे. सुतार काटकोन तपासायला जे अवजार वापरतात, ते गुण्या. आणि ह्या सुताराला वाकडं म्हणून काही खपायचंच नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी दाराची चौकट नजरेनं मापून घ्यायचा, मग पाण्याच्या पेल्याला हात लावायचा. भिंतीवरची तसबीर बोटभर कललेली दिसली की त्याचं गप्पांत लक्ष लागत नसे. चाळीस वर्षं रंधा मारून हाताला घट्टे पडले होते, आणि 'माझ्या कामाला नाव ठेवून दाखवा' हे पालुपद तोंडात कायमचं बसलं होतं. तशी त्याच्या कामाला कुणी नावं ठेवतही नसे. एक अक्का सोडून.

अक्का त्याची थोरली बहीण, सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनंच केलं. पुढे तिनं टेलिफोनच्या कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी केली. कानाला यंत्र लावून दिवसभर ह्याचा फोन त्याला जोडून द्यायचा. त्यामुळे नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा खोटं बोलतोय की आजारी आहे, ते ती ओळखायची. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहायची, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षीही कुणाचा आधार घेणं तिला पटत नसे. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे गुण्याची भाची, दुसऱ्या शहरात. गुण्या मात्र दर रविवारी चक्कर टाकायचा.

अशाच एका रविवारी त्याला अक्काच्या कोपराजवळ काळानिळा डाग दिसला. पुढच्या खेपेला पोटरीवर दुसरा.

"हे काय गं?"

"वय झालं की कातडी हळवी होते. तू नको माझी तपासणी करूस."

त्यानं भाचीला फोन केला. ती आली, आईला पंधरा दिवसांसाठी आपल्या घरी घेऊन निघाली, आणि जाताना मामाच्या हातात किल्ली ठेवली. "मामा, आई नाहीये तोवर घराचं बघ ना काहीतरी. न्हाणीघरात धरायला दांडा बसव, अडगळ काढ. ती असताना कुणाला हात लावू द्यायची नाही."

गुण्यानं बाह्या सरसावल्या. हातातली दोन कामं पुढे ढकलून त्यानं अक्काचं घर धरलं. खोलीच्या अधेमधे उभं असलेलं जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. वाटेतली जुनी खुर्ची आतल्या खोलीत नेली. स्वयंपाकघराच्या तोंडाशी काथ्याची पायपुसणी होती, कडा विस्कटलेली, पाय अडकायला अगदी सोयीची; ती त्यानं गुंडाळून माळ्यावर टाकली. न्हाणीघरात गुळगुळीत लाकडी दांडा बसवला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मधे काडी आडवी येणार नाही, अशी लख्ख मोकळी वाट करून ठेवली. भाची आईला घेऊन परतली तेव्हा घर पाहून तिचे डोळे भरून आले.

अक्का दारातच थांबली होती. तिथूनच म्हणाली, "छान केलंस हो." आवाज कचेरीतला होता, अनोळखी माणसाला 'थांबा, जोडून देते' म्हणतानाचा. गुण्याच्या ते लक्षात आलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही.

भाची संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अक्का त्या मोकळ्या वाटेवर, अगदी खोलीच्या मधोमध पडली. उजवं मनगट मोडलं.

हाडाचा डॉक्टर प्लास्टर घालता घालता तिच्याकडे बारकाईनं पाहत होता. बाजूला ठेवलेला पेला ती हातानं चाचपते आहे, हे त्याला दिसलं आणि त्यानं तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. समोरचं तेवढं दिसत होतं, कडेचं जवळजवळ सगळं गेलेलं. गेलेली नजर परत येणार नाही, डॉक्टर म्हणाला. उरलेली मात्र थेंब नियमित घातले तर बराच काळ टिकेल.

"किती दिवस असं होतंय?" गुण्यानं विचारलं.

"झाली असतील दोन वर्षं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? उचलून नेलं असतंत."

भाची तशीच परत फिरून आली होती, आणि नेमकं तेच म्हणत होती. "आता ह्यापुढे आई माझ्याकडे. विषय संपला." गुण्या मात्र आतून पार खचला होता. घरी आल्यावर तो तिच्या पलंगाशी जमिनीवर बसला. "अक्का, मीच पाडलं गं तुला."

"हो," अक्का म्हणाली. तिला उगाच समजूत घालायची सवय नव्हती. "उठ. दोन्ही हातांच्या मुठींची दुर्बीण कर आणि डोळ्यांना लाव. आता चाल न्हाणीघरापर्यंत."

तो उठला. मुठींच्या भोकांतून त्याला पलीकडच्या दाराचा एक तुकडा दिसत होता, बाकी काही नाही. चार पावलं टाकली आणि पाचवं टाकवेना. आजूबाजूला काय आहे, भिंत किती लांब आहे, काही कळेना. त्याचा एक हात आपोआप डोळ्यावरून सुटला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला. तिथे धरायला काहीच नव्हतं. त्यानंच काढून टाकलं होतं.

"आता कळलं?" मागून अक्का म्हणाली. "पलंगापासून तीन पावलं, की हाताला खुर्चीची पाठ. तिथून दोन पावलं, की टेबलाचा कोपरा. टेबल संपलं की पायाखाली पायपुसणी टोचायची, म्हणजे स्वयंपाकघर आलं. डावीकडे वळलं की न्हाणीघर. माझं घर मला पाठ होतं रे. कधी अंदाज चुकला की लागायचं, नाही असं नाही. पण पडले नव्हते. तू सगळं पुसून टाकलंस."

"मग त्या दिवशी दारातच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. आणि तू इतका राबला होतास."

भाची दाराशी उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली, पण तिचा हेका सुटला नव्हता. "आई, अगं उद्या पुन्हा पडलीस तर? शेगडी उघडी राहिली तर?"

"तुझ्याकडे मी सुखरूप राहीन, मला माहीत आहे. पण तिथे उठायचं तरी कुणाला हाक मारावी लागेल. पाणी प्यायचं तरी विचारावं लागेल. मला तीन महिने दे. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे येते, तोंडातून शब्द काढणार नाही."

त्या दिवशी घासाघीस बरीच झाली. शेवटी अक्कानं शेगडी सोडली, पण चहा सोडला नाही. आपोआप बंद होणारी विजेची किटली चालेल, म्हणाली. डबा शेजारच्या शिंपीणबाईंकडून यायचा ठरला, घराची एक किल्लीही त्यांच्याकडे ठेवली. थेंबांच्या वेळेला भाची रोज दोनदा फोन करणार आणि थेंब डोळ्यात पडेपर्यंत फोन ठेवणार नाही.

मग गुण्या पुन्हा कामाला लागला, ह्या वेळी अक्का बाजूला बसून सांगत होती तसा. टेबल जुन्या जागी आलं. त्याचे कोपरे त्यानं घासून गोल केले आणि पाय जमिनीला पक्के केले. खुर्चीही सरकणार नाही अशी बसवली. पायपुसणीवरून मात्र दोघांची जुंपली. ती पाय अडकवणारच, असं तो म्हणे. तिच्याशिवाय मला स्वयंपाकघर सापडणार नाही, असं ती. अखेर त्यानं तेवढ्याच जागेत जमिनीला सपाट चिकटणारी खरखरीत पट्टी लावली. अक्कानं अनवाणी पायानं चारदा पारखली, मग मान हलवली. न्हाणीघरातला दांडा त्यानं स्वतःच्या उंचीला बसवला होता; अक्का तिथे पोचायची म्हणजे खांद्यातून ताणून. तो वीतभर खाली आला. पांढऱ्या दाराच्या कडेला गडद निळा रंग लागला, म्हणजे अर्धवट उघडं दार समोरून तरी दिसावं.

तीन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची पाच झाली. एकदा किटलीच्या वाफेनं बोट भाजलं, एकदा थेंब संपल्याचं तिनं लपवलं आणि भाचीकडून सडकून बोलणी खाल्ली. पण ती पुन्हा पडली नाही.

ह्या पाच वर्षांत गुण्याचं कामही बदललं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी दांडे, कठडे बसवायला लोक त्यालाच बोलवू लागले. तो गेला की टेप खिशातच ठेवायचा. "आजोबा, सकाळी उठल्यापासून कसे चालता ते जरा दाखवा," म्हणायचा आणि त्यांच्या मागे मागे हिंडायचा, हात कुठे टेकतो ते खडूनं टिपत. त्यांचे मुलगे वैतागायचे. "अहो, माप घ्या आणि सुरू करा ना." तो म्हणायचा, "तेच घेतोय."

सहाव्या वर्षी अक्कानं आपण होऊन लेकीला फोन केला, "मला न्यायला ये." गुण्या धावत आला. कुणी काही बोललं का, काही दुखतंय का, त्यानं खोदून खोदून विचारलं.

"काही नाही रे. काल टेबलापर्यंत आले आणि पुढे कुठे वळायचं तेच आठवेना. उभी राहिले बराच वेळ. आठवलं, पण उशिरा." ती शांत होती. "आता हाक मारायला माणूस जवळ असलेलं बरं."

गुण्या तिच्याबरोबर भाचीकडे गेला आणि आठवडाभर राहिला. नव्या खोलीत अक्का मधोमध खुर्चीवर बसून काय कुठे हवं ते सांगायची, मामा-भाची उचलून ठेवायचे, ती चालून बघायची आणि पुन्हा हलवायला लावायची. पलंगाची जागा तर तीनदा बदलली. चौथ्या दिवशी ती कुणालाही न सांगता उठली आणि पाणी पिऊन आली. भाची तिच्यामागे धावायला निघाली होती. गुण्यानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. परत येताना अक्का एकदा चुकून भिंतीशी गेली, थांबली, हातानं भिंत चाचपली आणि वळून आपल्या पलंगाकडे आली.