मंगळसूत्राचा खिसा

उल्हासनगरच्या एका कापडवाल्याने माझ्या डोक्यातून निघालेला पोशाख चोरला आणि इम्पोर्टेड म्हणून विकला. आज सुनेने पोहण्याचा नवा ड्रेस उघडला, नायलॉनचा कोरा वास आला आणि मी मनाने थेट त्याच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यांच्या कंपनीची सहल अलिबागला निघाली होती. सासूबाई म्हणाल्या, "समुद्रात खुशाल जा, पण अंग झाकून. आणि मंगळसूत्र उतरवायचं नाही." त्या कापडवाल्याच्या दुकानातले सगळे कॉस्च्युम मांडीपर्यंतचे. मग हुज्जत घालून मी त्याच्याकडून ताणणारं काळं कापड घेतलं आणि अंबरनाथला घरच्या मशीनवर लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख शिवला. लाटेत मंगळसूत्र तुटू नये म्हणून वाट्या ठेवायला आत छातीशी बटणाचा खिसा केला. अलिबागला साहेबांच्या बायका साड्या सावरत काठावर उभ्या होत्या आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात हसत होते.

परतल्यावर दुकानात सांगितलं, तेव्हा कापडवाला म्हणाला, "भाभी, एक दिन के लिए दिखाओ ना." मला कौतुक वाटलं, दिला. पुढच्या महिन्यात त्याच्या काचेत तसेच पोशाख ओळीने टांगलेले.

"ये तो फॉरेन का माल है," तो मलाच सांगू लागला.

मी एकाच्या आत हात घातला. खिसा होता, बटणासकट.

तेव्हा भर बाजारात भांडले, त्याने ऐकून घेतलं नाही. आता त्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो. त्याने तरी सांगावं, फॉरेनच्या बायका त्या खिशात काय ठेवत होत्या?